मोजले कोणी?

संध्याकाळची जपमाळ संपली होती आणि भाची योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटचा अध्याय मोठ्याने वाचत होती. ती इंग्रजी माध्यमात शिकते, त्यामुळे मराठी आकड्यांपाशी तिची जीभ जराशी थबकते. शिष्यांच्या जाळ्यात आलेल्या माशांची संख्या सांगणारा ‘एकशे त्रेपन्न’ हा शब्द तिने आधी मनात जुळवला, मग सावकाश उच्चारला, आणि वाक्य पुरे करण्याऐवजी मान वर करून विचारले, “मामा, एवढे मासे मोजले कोणी?” ताईने पुढे वाच म्हणून डोळ्यांनी खुणावले आणि वाचन पुढे सरकले. उजाडत्या किनाऱ्यावर निखारे पेटलेले आहेत, त्यांवर मासळी ठेवलेली आहे, येशू शिष्यांना न्याहारीला बोलावतो आहे. एरवी या वर्णनापाशी मन निवते. त्या दिवशी ते मागेच, जाळ्यापाशी, रेंगाळले. १५३ या संख्येचा अर्थ काय, असे कोणी विचारले असते तर सांगण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ होते. मोजले कोणी, हा प्रश्न मात्र अर्थाच्याही आधीचा आहे, आणि तो त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस मला सोडीना.

ग्रीक भाषा मी चाळिशी उलटल्यावर शिकायला घेतली, ती केवळ नवा करार ज्या शब्दांत लिहिला गेला त्या शब्दांत वाचावा म्हणून. तेव्हापासून संख्यावाचक शब्दांची मला ओढ आहे, आणि त्यांच्यावर आजवर जे लिहिले गेले आहे त्याचा मोठा भाग या एकशे त्रेपन्न माशांनी व्यापला आहे. संत ऑगस्टीन यांनी दाखवून दिले की एकपासून सतरापर्यंतचे सगळे आकडे मिळवले की बेरीज १५३ होते. सतरा म्हणजे दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दाने, म्हणून हे मासे म्हणजे नियमशास्त्र आणि कृपा या दोहोंनी तारलेली माणसे. संत जेरोम यांनी असे लिहून ठेवले आहे की निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या लेखकांच्या मते माशांच्या जाती १५३ आहेत, आणि त्यावरून जाळ्यात सर्व जातींची माणसे आली असा अर्थ त्यांनी काढला. या अर्थांबद्दल मला आदर आहे. ज्यांनी ते काढले त्यांनी उभे आयुष्य या ग्रंथापाशी वाहिले होते. तरीही हे वाचताना प्रत्येक वेळी एक गोष्ट सुटल्यासारखी वाटते. संख्या अर्थाला लागण्यापूर्वी कोणीतरी ओल्या वाळूवर वाकून, निसरडे मासे एकामागून एक हातात घेऊन, त्या संख्येपर्यंत पोचलेले असते.

योहान सांगतो की होडीत सात जण होते: शिमोन पेत्र, थोमा, नथनेल, जब्दीचे दोघे मुलगे आणि आणखी दोन शिष्य, ज्यांची नावे तो देत नाही. रात्रभर जाळ्यात काही लागले नव्हते. लूकच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान यांना शिमोनाचे भागीदार म्हटले आहे, आणि भागीदारीत मासळी आली की ती मोजणे ओघाने येतेच. इथे वसईत, पाचूबंदरच्या किनाऱ्यावर, होडीतून उतरवलेल्या ढिगातून मोठी पापलेटे वेगळी काढताना कोळीण हात न थांबवता मोठ्याने मोजत जाते. लहान मासळीचा ढीग नुसता टोपलीने उचलला जातो, मोजणी होते ती मोठ्या माशांची. योहानाच्या वाक्यातही मासे ‘मोठे’ आहेत हे मुद्दाम सांगितले आहे. ‘इख्थुओन मेगालोन हेकातोन पेन्तेकोन्ता त्रिओन’, असे ते शब्द आहेत. आपल्या त्रेपन्नमध्ये तीन आधी येतात आणि पन्नासात विरघळून जातात. ग्रीकमध्ये आधी शंभर, मग पन्नास आणि शेवटी सुटे तीन उरतात. त्यातही शंभर आणि पन्नास हे शब्द जसेच्या तसे राहतात, ‘तीन’ला तेवढी माशांची विभक्ती लागते. मोठ्याने वाचले की मोजणी संपत आल्याचे ऐकू येते.

ग्रीकांपाशी अंकांसाठी वेगळी चिन्हे नव्हती, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे पुष्कळसे उलगडते. वर्णमालेची अक्षरेच अंक म्हणून वापरीत: आल्फा म्हणजे एक, इओता म्हणजे दहा, ऱ्हो म्हणजे शंभर. नऊ एकक, नऊ दशक आणि नऊ शतक मिळून सत्तावीस चिन्हे लागतात आणि अक्षरे तर चोवीसच. म्हणून लेखनातून गेलेली तीन जुनी अक्षरे मोजण्यापुरती जपून ठेवली होती. अक्षरे अंक म्हणून वाचायची आहेत हे कळावे यासाठी लेखनिक त्यांच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढीत. या व्यवस्थेत प्रत्येक नावाची आपोआप एक बेरीज होते, आणि लोकांना त्या बेरजेचा नाद होता. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात एका भिंतीवर कोणा प्रेमिकाने कोरून ठेवले आहे की जिची संख्या ५४५ आहे तिच्यावर माझे प्रेम आहे. नाव उघड करायचे नाही आणि राहवतही नाही, अशी ती अवस्था आहे. त्याच काळात रोममध्ये एक ग्रीक ओळ लोकांच्या तोंडी झाली होती, ती चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवली आहे: सम्राट नेरोच्या ‘नेरोन’ या ग्रीक नावाची बेरीज १००५ होते आणि ‘स्वतःच्या आईला ठार मारले’ या ग्रीक शब्दांचीही तेवढीच होते. ‘येसूस’ या नावाची बेरीज ८८८ होते आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी तीही करून पाहिली होती.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील ६६६ या हवेत लिहिला गेला. आज त्या आकड्याची जी दहशत आहे तिने मला खरोखर वाईट वाटते. गाडीचा नंबर, मोबाइलचा नंबर, दुकानाच्या पावतीवरची रक्कम, कुठेही तीन षटके जुळून आली की श्रद्धाळू माणसे दचकतात, आणि जिथे योहान बुद्धी वापरा म्हणतो नेमक्या तिथे बुद्धी मिटवून बसतात. त्याचे शब्द स्पष्ट आहेत: ज्याला समज आहे त्याने श्वापदाची संख्या मोजावी, कारण ती माणसाची संख्या आहे. ‘मोजावी’साठी त्याने वापरलेले क्रियापद खड्यांनी हिशेब करण्याच्या रिवाजातून आलेले आहे. हिब्रू अक्षरांत ‘नेरोन केसर’ लिहून खडे मांडले तर ५०, २००, ६, ५०, १००, ६० आणि २०० अशी ६६६ बेरीज होते, आणि लॅटिनप्रमाणे शेवटचा न गाळला तर ६१६ उरतात. ही दुसरी संख्याही हस्तलिखितांत सापडते. ल्योंचे बिशप इरेनियस यांनी सुमारे १८० साली तिची नोंद घेऊन ती चूक ठरवली, सर्व चांगल्या आणि जुन्या प्रतींत ६६६ आहे असे सांगितले, आणि नावांचे तर्क लढवण्याची घाई करू नका असेही बजावले. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथील उकिरड्यांत सापडलेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला पपायरसचा तुकडा आता ६१६ दाखवतो. डब्लिनमध्ये जपून ठेवलेला तिसऱ्या शतकातील पपायरस ६६६ दाखवतो. दोन्हीकडे तीन-तीन अक्षरे आहेत आणि फरक फक्त मधल्या अक्षराचा आहे.

ही मोजणी कोणाची होती, हे पाहिले की त्या अध्यायाची धार लक्षात येते. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची कथाच सम्राटाच्या नावनोंदणीपासून सुरू होते: हुकूम सुटतो आणि दिवस भरलेली मरिया बेथलेहेमची वाट धरते. रोमच्या राज्यात माणसे मोजण्याचा अधिकार सम्राटाचा होता, कारण कर त्याला हवा होता. प्रकटीकरणातले श्वापदही हेच करते. लहानथोर, श्रीमंत-गरीब, स्वतंत्र-दास सर्वांच्या हातावर किंवा कपाळावर खूण करवते, आणि खूण नसेल त्याला विकत घेता येत नाही की विकता येत नाही. अशा राज्यात पात्म बेटावर राहणारा योहान आपल्या वाचकांना सांगतो की जो सर्वांना मोजतो त्याला तुम्ही मोजा. तुमच्यावर सत्ता गाजवणारा एक माणूस आहे, त्याच्या नावाची बेरीज होते, आणि ती तुम्हाला करता येते. बहुतेक अभ्यासकांना नेरोचे उत्तर पटते आणि मलाही ते पटते; पण उत्तर दुसरे निघाले असते तरी त्या आज्ञेतला धीर उणावला नसता.

आता पेत्राच्या हिशेबाकडे यावे लागेल.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात तो विचारतो की भावाने माझा अपराध केला तर मी त्याला कितीदा क्षमा करू, सात वेळा काय? सात म्हणताना त्याला आपण औदार्याने बोलतो आहोत असेच वाटत असावे. येशूच्या उत्तरातले दोन शब्द आहेत ‘हेब्दोमेकोन्ताकिस हेप्ता’. आपण मराठीत ते साताच्या सत्तर वेळा असे ऐकत आलो आहोत, म्हणजे चारशे नव्वद. त्याच शब्दांचा अर्थ सत्त्याहत्तर वेळा असाही लागतो. व्याकरणाने हा वाद मिटत नाही. पण त्या दोन शब्दांना एक पूर्वज आहे. जुन्या कराराच्या अलेक्झांड्रियात सुरू झालेल्या ग्रीक भाषांतरात, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, भावाचा खून केलेल्या काइनाच्या वंशातला लामेख आपल्या दोन बायकांपुढे फुशारकीचे गाणे गातो: मला जखम करणाऱ्या माणसाला मी मारले; काइनाबद्दल सातपट सूड घेतला जाईल, तर लामेखाबद्दल हेब्दोमेकोन्ताकिस हेप्ता. तेच दोन शब्द, त्याच क्रमाने, आणि हिब्रूत तिथे सत्तर आणि सात असे आहे. म्हणून मी सत्त्याहत्तरच्या बाजूचा आहे. पहिल्या घराण्यातील त्या माणसाने सूडाची जी मोजणी सुरू केली होती ती येशू तिच्याच शब्दांत धरून उलटी फिरवतो. चारशे नव्वद म्हटले की वहीत रकाने पाडून क्षमा मोजता येते, आणि चारशे एक्क्याण्णवाव्या अपराधाची वाट पाहता येते. लामेखाचे गाणे आठवले की पेत्राचा प्रश्नच कोणत्या घराण्यातून आला आहे ते दिसते.

लगेच पुढे येणारा दाखला हा हिशेब आणखी ताणतो. एका राजाचा दास त्याला दहा हजार तालांत देणे लागत होता. ‘म्युरिओइ’ हा ग्रीकमधला एका शब्दात सांगता येणारा सर्वांत मोठा आकडा, आणि तालांत हे सर्वांत मोठे चलनी माप. मोठ्यात मोठ्या मापाला मोठ्यात मोठ्या संख्येने गुणले आहे. एक तालांत म्हणजे ६,००० दीनार, आणि मत्तयच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे. इतिहासकार योसेफस सांगतो की हेरोद अंतिपास याला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून वर्षाला २०० तालांत मिळत; ऐकणाऱ्यांच्या सगळ्या मुलखाचे पन्नास वर्षांचे उत्पन्न एका दासाच्या डोक्यावर होते. याच ‘म्युरिओइ’ शब्दाचा आघात बदलला की त्याचा अर्थ ‘असंख्य’ असा होतो, आणि दाखल्यातील षष्ठीच्या रूपात तर दोन्हींचा आघात एकाच जागी पडतो. ऐकणारा दहा हजार ऐकतो आणि अगणितही ऐकतो. तो दास मात्र गुडघे टेकून म्हणतो, मला वेळ द्या म्हणजे मी सारे फेडीन. या वाक्याशी मी नेहमी थांबतो, कारण त्यात त्या माणसाची लबाडी दिसत नाही, हिशेबाची सवय दिसते. सारे माफ होऊन बाहेर पडल्यावरही ती सवय सुटलेली नसते, आणि तो शंभर दीनारांसाठी सोबतीच्या दासाचा गळा धरतो. शंभर दीनार ही फेडता येण्याजोगी, तीन-चार महिन्यांच्या मजुरीची रक्कम आहे. ती मोजता येते, म्हणूनच तो ती मोजतो.

मोजणे वाईट आहे असे शुभवर्तमान कुठेच म्हणत नाही. मत्तय लिहितो की दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात; लूक लिहितो की पाच चिमण्या दोन दमड्यांना. बाजारात कधी भाजी घेतलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एका दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार; पाचवी वरकड, विकणाऱ्याने खूश होऊन टाकलेली, जिची किंमतच नाही. आणि लूकचे पुढचे वाक्य असे की त्यांतली एकही देवाला विसरलेली नाही. तिथे आणि मत्तयमध्ये लगेच डोक्यावरचे केस येतात, तेही सगळे मोजलेले. मोजणारा कोण, हे क्रियापद सांगत नाही, कर्मणी प्रयोगात लपवते. यहुदी माणूस आदराने देवाचे नाव टाळताना असेच बोलत असे. माझी आजी आजारपणात अंथरुणाला खिळली होती तेव्हा ताई तिचे केस विंचरायची, आणि फणीत आलेली पांढरी गुंतवळ बोटाला गुंडाळून ठेवायची. तेव्हापासून हे वचन मला डोंगराएवढ्या सामर्थ्याचे वाटत नाही, शुश्रूषेचे वाटते.

‘एक’ या शब्दाला मराठीत लिंग नाही. ते आपल्याकडे ‘दोघे’ आणि ‘दोघी’पासून दिसू लागते. ग्रीकमध्ये ‘एक’लाच तीन रूपे आहेत: पुल्लिंगी ‘हेइस’, स्त्रीलिंगी ‘मिया’ आणि नपुंसकलिंगी ‘हेन’. याच भेदावर मोठमोठे वाद लढवले गेले, कारण मी आणि पिता एक आहोत या योहानाच्या वाक्यात ‘हेन’ आहे, ‘हेइस’ नाही. दोन व्यक्ती मिळून एक व्यक्ती झाली असे ते वाक्य म्हणत नाही, हे आरंभीचे ख्रिस्ती लेखक टर्टुलियन यांनी तिसऱ्या शतकाच्या आरंभीच दाखवले होते. माझे मन मात्र लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या ‘एक’वर अधिक जडले आहे. शंभर मेंढरांपैकी एक हरवते: ‘हेन’. दहा नाण्यांपैकी एक हरवते: ‘मिया’, कारण द्राख्मा स्त्रीलिंगी आहे. मग दोन मुलगे येतात, आणि हरवलेल्या मुलाबद्दल ‘दोघांपैकी एक’ असे कुठेच येत नाही. पुल्लिंगी ‘एक’ त्याच्या स्वतःच्या तोंडी येतो, डुकरांपाशी उपाशी बसून मनात घोकलेल्या वाक्यात: मला आपल्या मोलकऱ्यांपैकी एकासारखे ठेवा. मेंढराला मेंढपाळ मोजतो, नाण्याला ती बाई मोजते. हा मुलगा स्वतःलाच मोजतो, आणि चुकीच्या रांगेत मोजतो. घरी पोचल्यावर बापापुढे तो घोकलेले वाक्य बोलू लागतो, पण काही जुन्या हस्तलिखितांचा अपवाद सोडला तर मोलकऱ्यांचे शब्द त्याच्या तोंडातून निघतच नाहीत. बाप आधीच चाकरांना झगा आणायला सांगत असतो. ज्या लेखनिकांनी ते शब्द तिथे भरून घातले त्यांना कथा पुरी करायची असावी. मला वाटते, ते वाक्य अर्धेच राहू द्यायला हवे होते.

त्या काळी मोजणी बोटांवर होई, आणि एकपासून नव्याण्णवपर्यंतचे आकडे डाव्या हाताच्या बोटांच्या मुडपण्याने दाखवीत. शंभर झाले की मोजणी उजव्या हाताला जाई. इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या जुन्या ग्रंथसंग्रहातील एका लेखनात हरवलेल्या मेंढराचा अर्थ याच रीतीने लावला आहे: नव्याण्णव डाव्या हातात आहेत, एक सापडला की सगळी संख्याच उजव्या हातात येते. त्या लेखनातील शिकवण चर्चने स्वीकारली नाही, आणि ते योग्यच झाले; पण ही एक गोष्ट त्या लेखकाने नीट पाहिली होती. मी प्रार्थनेनंतर एकटा बसून ती करून पाहिली. डावी मूठ मिटत जाते, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सगळी बोटे कामाला लागतात, आणि एकासाठी ती सगळी सोडून द्यावी लागतात.

येशूने निवडलेल्या शिष्यांसाठी ‘बारा’ या शब्दाचे तर नावच झाले. ‘होइ दोदेका’, ते बारा. यहूदाने घात केल्यानंतर शुभवर्तमाने प्रामाणिकपणे ‘अकरा’ म्हणू लागतात. पौल मात्र करिंथकरांना लिहिताना, पुनरुत्थित ख्रिस्त केफाला, म्हणजे पेत्राला, आणि मग बारांना दिसला, असेच लिहितो. काही लेखनिकांनी तिथे हिशेब दुरुस्त करून अकरा केले आहेत. त्यांची गणिताची काळजी समजते, पण पौलाच्या पिढीसाठी तो आकडा उरला नव्हता, ते एका घराचे नाव होते. घात होण्यापूर्वीच्या रात्रींविषयी लिहिताना लूक यहूदाला ‘बारांच्या संख्येतील’ असे म्हणतो, तिथे ‘अरिथ्मोस’ हा उघड संख्यावाचक शब्द आहे. आणि यहूदाच्या मरणानंतर पेत्र एकशेवीस भाऊबंदांपुढे उभा राहून सांगतो की तो आपल्यात मोजलेला होता. या वाक्यात राग शोधला तर सापडत नाही. ज्याने तीस रुप्यांच्या नाण्यांवर सौदा केला त्याची आठवण त्याच्या सोबत्याने मोजलेला म्हणून काढली. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने यशयाचे वचन स्वतःला लावून घेतले होते: तो अपराध्यांत गणला गेला.

लूकच्या दहाव्या अध्यायात पाठवलेले शिष्य काही प्रतींत सत्तर आहेत आणि काहींत बहात्तर. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातील राष्ट्रे हिब्रूत सत्तर आणि ग्रीक भाषांतरात बहात्तर धरली जातात, तिथून हा फरक आला असावा. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायाला मात्र थोडा वेळ द्यावा लागतो, कारण त्यातील १,४४,००० या संख्येवरून आजही माणसे स्वर्गातल्या जागा मोजतात. योहान लिहितो की शिक्का मारलेल्यांची संख्या मी ऐकली, आणि मग बारा वंशांची यादी येते, प्रत्येकी बारा हजार, सैन्याच्या हजेरीपटासारखी नीटस. ती संपल्यावर तो म्हणतो की यानंतर मी पाहिले, तो सर्व राष्ट्रांतला, वंशांतला, लोकांतला आणि भाषांतला एक मोठा समुदाय, जो कोणालाही मोजता येत नव्हता. ऐकली ती संख्या, आणि दिसला तो समुदाय. हे दोन वेगळे गट आहेत की एकच, यावर मतभेद आहेत. मला ते एकच वाटतात, कारण पाचव्या अध्यायातही योहानाने सिंह आला असे ऐकले होते आणि डोळे वर केले तेव्हा कोकरू दिसले होते.

भाचीच्या प्रश्नाचे मला सर्वांत जवळचे वाटलेले उत्तर माशांच्या अध्यायात नव्हते, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात होते. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे जहाज वादळात सापडले आहे, चौदा दिवस कोणी धड जेवलेले नाही, आणि पहाटेच्या अंधारात पौल भाकरी घेऊन, देवाचे आभार मानून, ती मोडून खाऊ लागतो. सर्वांना धीर येतो, तेही खातात, आणि नेमके इथे लूक सांगतो की जहाजात आम्ही सर्व मिळून २७६ जीव होतो. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील चौथ्या शतकातील प्रसिद्ध हस्तलिखितात मात्र ‘सुमारे ७६’ असे आहे. फरक कसा झाला असेल ते दिसते: जुन्या लेखनात शब्दांमध्ये जागा सोडीत नसत, ‘जहाजात’ या अर्थाचा ‘प्लोइओ’ हा शब्द दीर्घ ओकाराने संपतो, आणि २७६ ही संख्या सिग्मा, ओमिक्रॉन आणि सहाचे चिन्ह अशा तीन अक्षरांनी लिहितात. तो दीर्घ ओकार चुकून दोनदा धरला की पुढच्या सिग्माशी मिळून ‘होस’, म्हणजे ‘सुमारे’, हा शब्द तयार होतो, आणि दोनशे नाहीसे होतात. ‘सुमारे शहात्तर’ असे कोणी बोलत नाही. सुमारे म्हणायचे असेल तर माणूस पंचाहत्तर किंवा ऐंशी म्हणतो. म्हणून २७६ हाच मूळ पाठ असावा याविषयी मला शंका नाही.

या मोजणीत खलाशी आहेत, जे रात्री लहान होडी सोडून पळून जाऊ पाहत होते. शिपाई आहेत, जे थोड्याच वेळात कैदी पोहून निसटू नयेत म्हणून त्यांना मारून टाकण्याचा बेत करणार आहेत. शताधिपती आहे, जो तो बेत मोडून काढील. साखळीतले कैदी आहेत, आणि त्यांत पौल आहे. लूक त्यांची वेगवेगळी बेरीज करीत नाही; किती शिपाई, किती बांधलेले, किती मोकळे, यांतले काहीही तो सांगत नाही. तो ‘प्सुखाय’, म्हणजे जीव, असा एकच शब्द वापरतो आणि क्रियापद ‘होतो’ असे ठेवतो, ‘होते’ असे नाही, कारण मोजणारा किनाऱ्यावर उभा नाही, तो त्याच हलत्या फळ्यांवर, त्या दोनशे शहात्तरांत आहे. जेवण झाल्यावर ते जहाज हलके करण्यासाठी गहू समुद्रात टाकतात, जहाज वाळूच्या दांड्यावर रुतून फुटते, पोहता येणारे आधी उड्या टाकतात, उरलेले फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर बसून येतात. तिथे लूक पुन्हा संख्या देत नाही. सर्व जण सुखरूप जमिनीवर पोचले, एवढेच लिहितो.